‘थई जशे’ म्हणजे नक्की काय, ते आधी विचारा

बडोद्यात घराचं काम काढलं की पहिल्या भेटीतच कानावर पडतं, ‘थई जशे, बेन.’ होऊन जाईल. बाथरूमचा उतार नीट हवा, थई जशे. जुन्या भिंतीला ओल आहे, थई जशे. दिवाळीआधी आटपायला हवं, थई जशे. हे म्हणणारा माणूस खोटं बोलत असतो असं मी अजिबात म्हणणार नाही. त्या शब्दाचा एक अर्थ त्याच्या मनात असतो, दुसरा आपल्या मनात असतो, आणि दोन्ही अर्थ कोणी उघड बोलत नाही. पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू होतो.

आमचं घर दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत, आजेसासऱ्यांच्या वेळचं. पुढचा भाग चुन्यातल्या जाड भिंतींचा आणि सागाच्या खांबांचा, मागे नंतर घातलेला स्लॅब. २०१६ मध्ये त्या स्लॅबवर, वरच्या मजल्यावर, सासूबाईंसाठी बाथरूम केलं. कंत्राटदार दर शनिवारी ‘मजुरांचा पगार’ म्हणून पैसे मागायचा आणि आम्ही द्यायचो. टाइल बसायच्या आतच ठरलेल्यापैकी बहुतेक रक्कम त्याच्याकडे गेली होती. तीन महिन्यांत खालच्या खोलीच्या छताला ओल उतरली. पाणी नहाणीकडे, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीकडे, जायच्या ऐवजी दाराशी साचायचं. तिथेच सासूबाई घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. कंत्राटदाराला फोन केला की ‘काले आवुं छुं’, उद्या येतो. पुढे फोनही उचलेना. आमच्याकडे कागद म्हणावा असा एकच होता, मागच्या बाजूला आकडे मांडलेलं पाकीट.

२०२२ मध्ये ते बाथरूम फोडून नवं केलं, आणि त्याबरोबर घराचं बाकीचं कामही काढलं. तोपर्यंत मी बँकेतून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढलेली, त्यामुळे या वेळी प्रत्येक ‘थई जशे’ला मी चार प्रश्न जोडले. कुठे, किती, कोणत्या मालाने, कधीपर्यंत. काम चांगलं झालं, कंत्राटदाराशी संबंधही चांगले राहिले. खाली लिहिलं आहे ते बरंचसं त्या पाच महिन्यांतलं आहे.

कोणालाही बोलवायच्या आधी

टेप घेऊन घरभर फिरा. खोलीगणिक लिहा की काय फोडायचं, काय तसंच ठेवायचं, काय नवं करायचं. ‘बाथरूम नवीन करणे’ असं लिहून उपयोग नाही. आमच्या वहीतली नोंद अशी होती: मागचं बाथरूम, ७ फूट × ५ फूट. जुनी टाइल आणि खालचा कोबा स्लॅब दिसेपर्यंत काढणे, राडारोडा उचलून नेणे. पाइप सगळे नवे. वॉटरप्रूफिंग जमिनीला आणि भिंतीला १ फुटापर्यंत. भिंतीला टाइल ७ फुटांपर्यंत. दाराला उंबरा नको. उतार दारापासून नहाणी ट्रॅपकडे. कमोडशेजारी धरायचा दांडा, त्या जागी भिंत भरीव विटेची हवी.

शेवटचं वाक्य लिहिलं नसतं तर दांड्याचे स्क्रू पोकळ ब्लॉकमध्ये गेले असते आणि वजन पडताच सुटले असते. घरात कोण राहतं, कोणाचा गुडघा दुखतो, रात्री कोण उठतं, हे कंत्राटदाराला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

या नोंदीची झेरॉक्स तिघा कंत्राटदारांना द्या. तिघांनी एकाच कामाचे दर दिले तरच ते शेजारी ठेवून बघता येतात. आमच्याकडे सगळ्यात स्वस्त आलेल्या अंदाजपत्रकात राडारोडा वाहून नेणं धरलंच नव्हतं, वॉटरप्रूफिंग एका ओळीत ‘केमिकल मारणे’ एवढंच होतं आणि पुट्टीचा एकच हात होता. या तीन गोष्टी घालून बेरीज केली तर ते मधल्यापेक्षा महाग पडत होतं.

भिंत हलवायची किंवा काढायची असेल तर कंत्राटदाराच्या शब्दावर कधीच पुढे जाऊ नका. जुन्या घरात कोणती भिंत वरचा भार घेते, हे डोळ्यांनी बघून कळत नाही. आम्ही कलाभवनातून शिकलेल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना फी देऊन बोलावलं. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन म्हणजे आजची विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, आणि जुन्या बडोद्यातली घरं ओळखणारी माणसं तिथून अजून तयार होतात याचं मला फार समाधान आहे. स्वयंपाकघर मोठं करण्यासाठी जी भिंत पाडायची आम्ही ठरवली होती, तिच्यावर वरच्या तुळयांची टोकं टेकलेली होती. भिंत राहिली, ओटा दुसऱ्या बाजूला गेला. बांधकामात भर घालायची असेल, मजला चढवायचा असेल किंवा ढाचाच बदलायचा असेल तर महानगरपालिकेची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, लागते का, हेही याच वेळी इंजिनिअरना विचारा. काम अर्ध्यावर आल्यावर विचारून काही हाती लागत नाही.

माणूस पारखताना

ज्यांचं काम गेल्या महिन्यात झालं त्यांची शिफारस मी कमी धरते. रंग ताजा असताना सगळंच छान दिसतं. ज्यांच्या कामावरून तीन पावसाळे गेले आहेत, त्यांच्याकडे जा. शेवटचं बिल आधी ठरलेल्याच्या जवळ आलं का, काम संपल्यावर बोलावलं तर तो आला का, आणि सुरुवातीचे कारागीर शेवटपर्यंत तेच होते का, हे तीन प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी समोरचा क्षणभर थांबला, तर ते थांबणंही ऐका.

मग त्याचं चालू असलेलं काम बघायला जा. आम्ही शहरातल्या वाडी भागातल्या एका घरी गेलो होतो. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचलेली होती. विटा पाण्यात भिजत होत्या. कडियाने (इथे गवंड्याला सगळे कडियाच म्हणतात) ओळंबा सोडला, डोळा लावला आणि शेवटचा थर न बोलता उतरवला. कोणी ओरडलं नव्हतं, कंत्राटदार तर तिथे नव्हताच. कंत्राटदाराच्या पाठीमागे कारागीर असं वागतो, म्हणजे त्याला घाईने हाकलं जात नाही. आम्ही काम त्यांनाच दिलं, आणि कारण विचाराल तर तो उतरवलेला थर.

आणखी एक चौकशी करा, जी फार थोडे लोक करतात. तो ज्या हार्डवेअरच्या दुकानातून माल उचलतो तिथे जाऊन सहज बोला. त्याची उधारी वेळेवर फिटते का, हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. ज्याची उधारी थकलेली असते तो तुमच्या पैशाने मागच्या गिऱ्हाइकाचा माल फेडतो, आणि मग तुमचं काम थांबतं.

रोज साइटवर कोण असणार, हे नावानिशी विचारा. गोड बोलणारा एक आणि काम करणारा दुसराच, असं पुष्कळदा होतं. त्या दुसऱ्याला काम सुरू व्हायच्या आधी एकदा भेटा.

दर, माप आणि शनिवार

नुसत्या मजुरीवर काम द्यावं की मालासकट, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत असं: रेती, सिमेंट, विटा, वॉटरप्रूफिंग कंत्राटदाराकडे द्या, टाइल, नळ, वायर, स्विच आणि रंग आपण पक्क्या बिलाने आणा. पहिल्या प्रकारच्या मालात काही चुकलं तर जबाबदारी एकाच माणसाची राहते, ‘तुमची रेतीच खराब होती’ म्हणायला जागा उरत नाही. दुसऱ्या प्रकारात कंपनी आणि दर्जा आपल्या डोळ्यांसमोर असतो. रेती मात्र उतरवताना बघा. आमच्या कडियाला प्लास्टरसाठी बोडेलीकडची, ओरसंग नदीची रेती हवी होती. मुठीत धरून सोडली की तळहातावर मातीचा थर राहता कामा नये, हे त्यानेच मला करून दाखवलं. सिमेंटच्या पोत्यावर बनवल्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं. ३ महिन्यांपेक्षा जुनं पोतं परत पाठवा.

जुन्या घरात सगळ्याचा मिळून एकच आकडा ठरवू नका. फोडल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून कंत्राटदार एक तर भीतीपोटी फुगवून सांगतो किंवा कमी सांगून पुढे भांडतो. प्रत्येक कामाचा वेगळा दर आणि झालेल्या मापाचे पैसे, ही पद्धत दोघांनाही न्याय देते. पण माप कसं घ्यायचं ते आधी लिहा. १२ × १० फुटांची, १० फूट उंच खोली घ्या. चारी भिंती मिळून ४४० चौरस फूट. त्यात साडेतीन बाय सातचं एक दार आणि चार बाय चारच्या दोन खिडक्या, म्हणजे साडेछप्पन्न चौरस फूट प्लास्टर नाहीच. ते वजा करायचं की दाराखिडक्यांच्या बाजू भरण्याच्या बदल्यात सोडून द्यायचं? भारतीय मानक १२०० मध्ये याचे नियम आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावटच करत नाहीत, त्याहून मोठीची ठरल्या रीतीने करतात. तुम्ही त्यांच्याशी काही वेगळं ठरवलंत तरी चालेल. सहा खोल्यांचं बिल समोर आल्यावर ठरवायला बसू नका, एवढंच.

आता पैसे. २०१६ ची आमची खरी चूक इथे होती, आणि ती समजायला मला वेळ लागला. शनिवारी पैसे मागणारा कंत्राटदार लबाड असतोच असं नाही. त्याला खरोखरच शनिवारी मजुरांना पैसे द्यायचे असतात, आणि ते त्यांना मिळालेच पाहिजेत. म्हणून शनिवार टाळू नका, शनिवारच्या आधी एक शुक्रवार ठेवा. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कंत्राटदाराबरोबर टेप धरून आठवड्याचं काम मोजायचो. वहीत माप, दर, रक्कम आणि दोघांच्या सह्या. शनिवारी सकाळी त्या रकमेतले ९० टक्के त्याच्या खात्यात जायचे. सुरुवातीला माल आणायला म्हणून दिलेली आगाऊ रक्कम पहिल्या चार बिलांतून वळती केली. रोखलेल्या १० टक्क्यांपैकी निम्मे सगळी किरकोळ कामं आटोपल्यावर द्यायचे आणि निम्मे एक पावसाळा उलटल्यावर. पहिल्या दिवशी त्याने नकाराची मान हलवली, म्हणाला पावसाळ्यापर्यंत कोण थांबतं. मी त्याला खालच्या खोलीचं छत दाखवलं. तो बराच वेळ वर बघत राहिला आणि मग ‘लखी नाखो’ म्हणाला. लिहून टाका.

रोखीने मोठे व्यवहार करू नका. आयकराच्या नियमात एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रक्कम रोख स्वीकारता येत नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोखीचा पुरावा राहत नाही.

कराराला वकिली भाषा लागत नाही. आमचा करार तीन पानांचा आणि साध्या मराठीत होता, त्याचं गुजराती शेजारच्या वहिनींनी करून दिलं, आणि दोन्हींवर सह्या झाल्या. ज्या भाषेत माणूस हिशेब करतो त्या भाषेत त्याला कागद वाचता आला पाहिजे. त्यात कामांची यादी, मालाच्या कंपन्या, दर, माप, पैसे, कामाची मुदत, काम संपल्यावर एक वर्षातल्या दोषांची दुरुस्ती, मजुरांच्या सुरक्षेची जबाबदारी, आणि जास्तीच्या कामाची अट होती. जास्तीचं कोणतंही काम दर लिहून सही झाल्याशिवाय सुरू करायचं नाही, अशी ती अट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून धरलेली आहे आणि जिल्हा आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच असतो. २०१६ ला आमच्याकडे दाखवायला ते पाकीटच होतं.

इथलं पंचांग

मुदत ठरवताना कॅलेंडर पुढ्यात घ्या. दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) दुकानं बंद, माल मिळत नाही. म्हणून आम्ही २०२२ ची लाभपाचम झाल्यावर काम सुरू केलं. उत्तरायणाला, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, अख्खं शहर गच्चीवर असतं. गच्चीच्या चायना मोझेकचं, म्हणजे टाइलच्या तुकड्यांच्या फरशीचं, काम त्याआधी पुरं करून वाळायला वेळ द्या, नाहीतर पतंग उडवणारे पाय ओल्या कामावर पडतात. आणि होळी. इथले बरेचसे मजूर दाहोद, पंचमहाल, छोटाउदेपूरकडचे. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण, ते आठ-पंधरा दिवस गावी जातात आणि जावंच. ‘फक्त दोन दिवस सुट्टी’ असं कंत्राटदार सांगत असेल तरी तुम्ही पंधरा धरा. अखात्रीजनंतर (अक्षय्य तृतीया) लग्नसराई आली की पुन्हा तेच. जूनच्या मध्यापर्यंत गच्ची आणि बाहेरचं प्लास्टर उरकलेलं हवं.

बुजवायच्या आधी बघा

रोज दिवसभर खुर्ची टाकून बसायची गरज नाही. कारागिरालाही ते आवडत नाही आणि आपण दमतो. पण जे काम उद्या झाकलं जाणार आहे, ते आज बघायलाच हवं.

वायरिंगच्या पट्ट्या खोदून पाइप बसले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, भिंतीला टेप लावून, म्हणजे जमिनीपासून किती फुटांवर काय आहे ते फोटोतच दिसतं. वायर आयएसआय खुणेची हवी. दिव्यांना दीड, मोठ्या सॉकेटला अडीच, गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटर, असं आमच्या इलेक्ट्रिशियनने घातलं. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. पाण्यात उभं राहून गिझरचं बटण दाबणारी माणसं आपल्या घरातलीच असतात. पाण्याच्या पाइपांची तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्यायला लावा आणि तासभर काटा बघा. काटा उतरला तर कुठेतरी सांधा सैल आहे.

आता बाथरूमची पाण्याची चाचणी, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाले, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यांत आणि पाइपांच्या भोवती आधी सिमेंट-रेतीच्या मसाल्याची गोलाई दिलेली. दिवसभर वाळल्यावर कडियाने ट्रॅपचं तोंड प्लास्टिक आणि चिंध्या कोंबून बंद केलं, दाराशी विटांची बुटकी पाळ घातली आणि दोन इंच पाणी भरलं. मी भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण केली. शेजारी एका बादलीत पाणी भरून तिलाही आतून खूण केली. हे बादलीचं मला इंजिनिअरनी सांगितलं होतं. हिवाळ्यातही थोडं पाणी उडतंच, आणि पाणी उतरलं की ‘उडी गयुं हशे’ हे उत्तर तयार असतं. बादलीत जितकं उडेल तितकंच जमिनीवरचं उडायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतलं पाणी खुणेला लागूनच होतं. जमिनीवरचं दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली. कंत्राटदार आला, वाकून बघितलं आणि नेमकं तेच म्हणाला, उडालं असेल. मी त्याला बादली दाखवली. तो काही न बोलता खाली गेला, टॉर्च घेऊन स्लॅबच्या खालच्या अंगाला फिरला. ट्रॅपच्या पाइपाभोवती बांगडीएवढा ओला गोल दिसत होता. त्याने स्वतः हात लावून बघितला आणि कडियाला हाक मारली. पाणी उपसलं, ट्रॅपभोवतीचं चार इंच फोडलं, न आकसणाऱ्या ग्राउटने पुन्हा भरलं, तिथे पुन्हा दोन हात दिले. दुसऱ्या खेपेला ४८ तास पाणी ठेवलं. बादली आणि जमीन बरोबरीने उतरली, खाली कोरडं. तेव्हा टाइलचं काम सुरू झालं. या सगळ्यात चार दिवस गेले. तोच ट्रॅप टाइल बसल्यावर गळला असता तर पुन्हा सगळं फोडावं लागलं असतं, आणि भांडणही.

टाइलवर एकच सांगते, उतार. नहाणीकडे ८० ला १, म्हणजे ५ फुटांत पाऊण इंच. टाइल पक्की व्हायच्या आधी तांब्याभर पाणी दाराशी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीवर नीट धरत नाही; तिला टाइल अॅडहेसिव्ह लागतं. वाळल्यावर नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला की ती टाइल काढायची. मोरबीचा माल आता गल्लोगल्ली मिळतो, पण खोकी एकाच शेडची आणि बॅचची आहेत का ते खोक्यावर वाचून घ्या आणि दहा टक्के जास्त आणा. नंतर तीच छटा मिळत नाही.

चुन्याच्या भिंती

जुन्या बडोद्यातल्या लोकांसाठी हे वेगळं लिहिते, कारण अनेक चांगल्या घरांची यातच नासाडी झालेली मी बघितली आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर केलं की बाहेर जायची वाट बंद होते. ओल वर चढते आणि पांढरे क्षार फुटतात, ज्याला इथे लूणो म्हणतात. मग लोक आणखी जाड सिमेंट मारतात, आणि पुढच्या वर्षी ते पापुद्र्यासारखं सुटून येतं. आमच्या ओटीची भिंत तशीच झाली होती.

कंत्राटदाराने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याच्या मुलांना चुन्याचं काम येत नाही, आणि त्याने मांडवीकडचा एक म्हातारा कडिया शोधून आणला. सिमेंट उतरवून भिंत सहा आठवडे उघडी ठेवली. कितीही घाई असली तरी हे आठवडे द्या. पिंपात भिजवून ठेवलेला चुना, एकास तीन बारीक रेती, पातळ थर. त्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट नाही, चुन्याचाच हात. ज्याला हे काम येत नाही तो ‘येत नाही’ म्हणतो, यावरून मी त्या कंत्राटदारावर विश्वास ठेवायला शिकले.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पुराचाही विचार करावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा समा भागात माझ्या नणंदेच्या घरात पाणी शिरलं. प्लायवूडचं नवं स्वयंपाकघर फुगून गेलं, कडाप्प्याचा जुना ओटा धुऊन पुन्हा वापरात आला. आता तिच्याकडचे सगळे खालचे प्लग चार फुटांवर नेले आहेत.

आपलं वागणं

कंत्राटदाराचं निम्मं नुकसान गिऱ्हाईक करतं. टाइल ठरत नाही, रंग ठरत नाही, पुण्याहून मुलगा व्हिडिओ कॉलवर वेगळंच सांगतो आणि सहा माणसं बसून राहतात. आमच्याकडे घरातून बोलणारी मी एकटी आणि त्यांच्याकडून ऐकणारा कंत्राटदार एकटा, असं ठरलं होतं. ह्यांना किंवा सासूबाईंना काही वाटलं तर ते मला सांगायचे. कडियाला परस्पर ‘हे जरा असं कर’ सांगितलं की तो करतो, आणि मग ते कोणाच्या खात्यात धरायचं, यावर वाद होतो. पुढच्या पंधरवड्यात माझ्याकडून कोणते निर्णय हवेत, ते शुक्रवारी मापाच्या वेळीच विचारून ठेवायचे.

चूक दिसली की त्याच दिवशी सांगा, जागेवर नेऊन, हात लावून दाखवा. चार दिवस मनात ठेवून पाचव्या दिवशी सगळं एकदम काढू नका. आणि कारागिरांसमोर कंत्राटदाराचा पाणउतारा करू नका. त्याला त्यांच्याकडून उद्या काम करून घ्यायचं असतं.

मजुरांना प्यायचं स्वच्छ पाणी, सावली आणि वापरायला संडास द्या. एक बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन यायची. आम्ही ओटीवर सतरंजी टाकून दिली, सासूबाई तिच्याशी खेळायच्या. प्लास्टरवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम त्या बाईने निदान दहा दिवस एकदाही चुकवलं नाही.

काम मार्चमध्ये, होळीच्या आधी तीन दिवस संपलं. खोलीगणिक राहिलेल्या गोष्टींची यादी केली. एकोणीस निघाल्या. न लागणारी कडी, स्विचबोर्डाशी रंगाचा ओघळ, खिडकीशी एक पोकळ टाइल. सण करून माणसं परतल्यावर सतरा झाल्या, राहिलेल्या दोन एप्रिलमध्ये. ऑक्टोबरमध्ये, पाऊस उलटल्यावर, कंत्राटदार शेवटच्या पैशांसाठी आला. चहाच्या आधीच तो खालच्या खोलीत गेला, टॉर्च लावून छत बघितलं, मग वर जाऊन दाराशी बादलीभर पाणी ओतलं आणि ते नहाणीत जाईपर्यंत उभा राहिला. खाली आल्यावर मी चेक दिला आणि वहीत दोघांनी सह्या केल्या.

भिंतींचे ते फोटो छापून मी वहीबरोबर देवघराच्या कपाटात ठेवले आहेत. गेल्या वर्षी गिझर बदलायला आलेल्या मुलाने ड्रिल भिंतीला लावलं, तेव्हा मी त्याला थांबवून फोटो आणून दाखवला. गरम पाण्याचा पाइप त्याच्या ड्रिलच्या टोकापासून दोन इंचांवर होता. त्याने खूण चार इंच डावीकडे सरकवली.